उन्हं वर आल्यावर उघडणारी बोटं

छबूबाईंच्या दुखण्याला आळस म्हणण्यात आप्पासाहेबांचा नफाच नफा होता. नगरच्या डॉक्टरकडची खेप टळणार, पहाटेची धार बाईच काढणार, शिवाय आपलं म्हणणं खरं ठरणार. नवराबायकोतला हा व्यवहार मी गोठ्यातूनच पाहिला. मी त्यांची दुधाची बादली. स्टीलची, पण आता जुनी.

मित्रांनो, शेवगावच्या दुकानात छबूबाईंनी मला वाजवून वाजवून निवडलं. स्थळ पाहायला आल्यासारख्या नाक मुरडत होत्या. नवी होते तेव्हा आलेगेले माझ्यात तोंड पाहायचे. गुडघ्यांत धरून बाई दूध काढत, तेव्हा धार तळावर खणखणायची. कौतुक माझं व्हायचं. जोर मात्र त्यांच्या बोटांचा होता.

मग एका हिवाळ्यात धार बारीक झाली. दोन्ही हातांचे सांधे सुजले, मनगटं गरम लागू लागली. पहाटे मूठ वळेना. उन्हं वर आली की बोटं सैल व्हायची.

आप्पासाहेबांनाही गुडघेदुखी होती. चाललं की दुखायची, बसलं की थांबायची. जगातली सगळी दुखणी ते त्याच मापानं मोजत.

"माजा गुडघा कामानं दुखतो. तुजा हात रातभर झोपून आखडतो आन् कामाला लागली की सुटतो. ह्याला दुखनं म्हनत्यात व्हय?"

"मग उद्याची धार तुमीच काढा," छबूबाई म्हणाल्या. "बसायचंच काम हाय. गुडघ्याला आराम."

आप्पासाहेबांनी धार काढली नाही. घोडेगावच्या बाजाराला गेले आणि वाटेत बसलेल्या एका माणसाकडून बिननावाच्या औषधाच्या पुड्या घेऊन आले. दोन दिवसांत मूठ वळली. बाईंचा चेहरा हळूहळू गोल झाला, तशा शेजारणी म्हणाल्या, "लई अंग भरलं गं छबू!" ती पुडीची सूज आहे हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. पुड्या वर्षभर चालल्या. मला काय, मी रोज भरत होते.

एका सकाळी भरलेल्या मला उचलताना बाईंच्या पाठीत कट्कन झालं. त्या जागीच बसल्या. दूध शेणात गेलं, मी एका बाजूनं चेपले. सून मोनिका त्यांना गाडीत घालून नगरला घेऊन गेली. डॉक्टर निवेदिताबाईंनी सांगितलेलं तिनं परत आल्यावर गोठ्यातच सासऱ्यांना ऐकवलं.

"मामा, तुमचा गुडघा झिजलाय. आत्याबाईंना आमवात हाय. त्यांचं शरीरच सांध्यांशी भांडतंय. त्यात सकाळी बोटं तास-तासभर आखडतात आन् हालचालीनं सुटतात. पुडीत स्टेरॉईड असनार, त्यानं हाडं ठिसूळ होऊन मनका दबला. आता ते एकदम बंद करायचं न्हाई, डॉक्टर हळूहळू कमी करनार."

"म्हंजी ती सोंग करत नव्हती?"

"सोंग पुडीनं केलं, मामा."

आप्पासाहेब दुसऱ्या पहाटे मला घेऊन गाईपाशी बसले. गाईनं लाथ झाडली, माझी दुसरी बाजूही चेपली.

आता छबूबाईंचं रक्त तपासून औषध चालतं. सूज उतरली. पण उजव्या हाताची दोन बोटं वाकडी राहिली, ती सरळ व्हायची नाहीत. माझ्यात हल्ली पेंड भिजवतात.

मित्रांनो, कुणाचं दुखणं आपल्या दुखण्यासारखं नाही म्हणून त्याला खोटं ठरवू नका. आणि नाव नसलेली पुडी तोंडात घालू नका.

राहिला हिशेब. पुडीवाल्याचं काही गेलं नाही, तो अजून त्याच वाटेवर बसतो. आप्पासाहेबांची पहाटेची झोप गेली. बाकीचं सगळं छबूबाईंनी आपल्या हाडांतून चुकतं केलं.