पातळ नमुना

माझ्या ताईला तुम्ही गोळ्या विकणारी ठरवलंत, डॉक्टरसाहेब. तपासणी तुमची, चूक तुमच्या माणसाची, आणि शिक्षा तिच्या मोडक्या कमरेला.

ताई धुलाईच्या कारखान्यात इस्त्री करायची. ओल्या चादरींची ढकलगाडी अंगावर उलटली, तेव्हापासून ती तुम्हीच लिहून दिलेल्या जबर वेदनाशामक गोळीवर उभी राहते. गोळी ती खाते की बाहेर विकते, हे बघायला तुम्ही तिची लघवी तपासता. तपासा. आम्ही कधी नाही म्हटलं नाही.

त्या सकाळी तुमच्या दवाखान्यात मी तिच्याबरोबर होते. नमुना घेणाऱ्या तुमच्या बाई संडासाच्या उघड्या दारात हाताची घडी घालून उभ्या.

"दार लोटू का?" ताईने विचारलं.

"नाही. नमुना बदललात तर? मला दिसलं पाहिजे."

"अहो, नवऱ्यालासुद्धा मी हे कधी दाखवलं नाही!"

बाई हसल्या नाहीत. ताईला काही होईना. मग बाईंनीच पाण्याचा जग आणला. "प्या. अजून प्या. मला दुसरीही कामं आहेत."

"माझी टाकी करताय का?" म्हणत ताई पीत राहिली. शेवटी झाली ती नळाच्या पाण्यासारखी.

आणि तुम्ही मानही वर न करता म्हणालात, "नमुना पातळ आहे. औषधाचा अंश नाही. गोळ्या विकता ते लपवायला मुद्दाम पाणी पिऊन आलात. गोळ्या बंद."

"पिऊन आले नाही, साहेब. इथं पाजलं. विचारा बाईंना."

बाई भिंतीकडे बघत राहिल्या. तुम्ही विचारलंही नाहीत.

मी म्हटलं, चल घरी. "घरी जाऊन काय करू? उद्यापासून आडवीच पडायचंय," म्हणत ताई तुमच्या दारासमोरच्या बाकावर बसली. पाण्याला शिवली नाही. शिपाई उठवायला आला.

"उचल की मग! कमरेला हात लाव, सगळी इमारत जागी करते."

तो आल्या पावली परत गेला.

दिवस कलला तेव्हा तिने नमुन्यांच्या ट्रेमधला रिकामा कप उचलला आणि बाईंना हाक मारली. "या. आता नीट बघा. लाज मी बाकावरच ठेवून आलेय."

बाई आल्या. बघितलं. झाकण त्यांनीच घट्ट लावलं.

ताईने तो कप तुमच्या टेबलावर ठेवला. कोऱ्या चहासारखा गडद, अजून कोमट. "हा घ्या घट्ट. तपासा."

"दिवसाला एकच नमुना. नियम आहे," तुम्ही म्हणालात आणि खुर्ची मागे सरकवलीत, जणू कप चावणार होता.

आम्ही तो तिथंच सोडून आलो. आज ताई जमिनीवर पडून आहे. गोळी एकदम तोडल्यामुळे घामाने भिजते, थरथरते, मोरीपर्यंत मी तिला ओढत नेते. तरी मला म्हणते, "लिही त्याला. रडून नको लिहू."

नाही रडत. कप तुमचा होता, बघणारी बाई तुमची होती. तो नमुना तपासलात की मोरीत ओतलात? तपासला असेल तर गोळ्या कुठे आहेत? ओतला असेल तर कशाला घाबरलात? सांगा.