घुग्घुसच्या खिडकीतली झाडं

उपचारासाठी दीपालीला नागपूरला भावाकडे जाऊन राहावं लागलं. निघताना तिनं नवऱ्याला, प्रवीणला, झाडांचं सगळं लिहून दिलं. मनी प्लांटची माती बोटभर सुकली की पाणी. स्नेक प्लांटला पंधरा दिवसांतून एकदाच. पीस लिलीनं मान टाकली की लगेच पाणी, पण तिला ऊन नको. घुग्घुसच्या त्या दोन खोल्यांत अकरा कुंड्या होत्या, सगळ्या पूर्वेच्या खिडकीशी. मूलबाळ नव्हतं.

प्रवीण कोळशाच्या खाणीत डंपर चालवायचा. पाळी संपवून आला की हात धुऊन आधी कुंड्यांत बोट घालून बघायचा. चूक होऊ द्यायची नाही, एवढंच त्यानं ठरवलं होतं.

दुसऱ्या महिन्यात मनी प्लांट पिवळं पडायला लागलं. माती आठ-आठ दिवस ओलीच राहायची. मग स्नेक प्लांट बुडाशी मऊ पडलं आणि एका सकाळी कलंडलं. शेजारच्या सलीमाबाई म्हणाल्या, "झाडाले माणसाचा जीव लागते, प्रवीणभाऊ. तिची आठवण येत असन."

त्याच दुपारी दीपालीचा फोन आला. आवाज थकलेला होता.

"माह्ये झाडं कशे हायेत?"

"मस्त हायेत. तू तुह्या तब्येतीकडे पाह्य."

"फोटो पाठवा ना एक."

त्यानं दिवाळीतला जुना फोटो पाठवला. ती म्हणाली, "छान दिसून राह्यले."

फेब्रुवारीत डॉक्टरांनी सांगितलं, आता घरीच न्या. प्रवीण तिला घेऊन आला तेव्हा चारच कुंड्या उरल्या होत्या. ती भिंतीला धरून खिडकीशी गेली, एका पानावरून बोट फिरवलं. बोट काळं झालं.

"पानं पुसत नव्हते काय तुमी?"

"तू लिवलंच नाई."

"रोज पुसत होती मी. काच बी. कोळशाची धूळ बसली की उजेड पोचतच नाई. उजेड नाई त झाड पाणी कसं पिईन? मुळ्या सडतेत मग." तिनं काळं बोट पदराला पुसलं. "हाताले सवयच होती. लिवायचं ध्यानातच नाई आलं."

"मी खोटं बोललो तुह्याशी," प्रवीण म्हणाला. "फोटो जुना होता."

"मले मालूम होतं. फोटोत खिडकीच्या काचंत मीच दिसत होती ना, मोबाईल धरून."

प्रवीण पलंगाच्या कडेवर बसला आणि हमसून हमसून रडला. तिनं त्याला रडू दिलं. मग ओलं फडकं मागितलं. तीन पानं पुसली आणि तिचा हात गळाला. पुढची त्यानं पुसली.

"खालून हात धरा पानाले," ती पडल्या पडल्या सांगत होती. "देठावर जोर नका देऊ."

त्यानंतर ती एकोणीस दिवस जगली. गेली त्या सकाळी प्रवीण पहिल्या पाळीला होता. तिच्याजवळ सलीमाबाई होत्या. निरोप मिळताच तो खाणीतून तसाच निघाला. दारात आला, तिला पाहिलं आणि कोळशानं माखलेले हात अंगापासून लांब धरून उंबऱ्यातच उभा राहिला. आत यायला धजेना.

सलीमाबाईंनी पाण्याची बादली त्याच्यापुढं आणून ठेवली. त्यानं कोपरापर्यंत हात धुतले, दोनदा धुतले. मग आत जाऊन दीपालीचं डोकं मांडीवर घेतलं.