दारावरच्या कुलपाची धाकधूक

मी एक जुने कुलूप आहे. पितळेचा रंग अंगावर आता नावापुरता उरला आहे आणि किल्ली घातली की मी थोडा अडून बसतो. माझा स्वभाव पहिल्यापासून घाबरट. मित्रांनो, आमचा जन्मच मुळी दुसऱ्यांच्या काळजीपोटी होतो.

कारखान्यातून मी दुकानाच्या खिळ्यावर आलो. तिथून मला एका आईने घेतले. ती कपडे शिवायच्या कारखान्यात कामाला जाते, तिची मुलगी शाळेत. सकाळी दोघी बाहेर पडल्या की घर माझ्या हवाली. मुलगी परत आली की मला उघडताना "दमलास का रे?" असे विचारायची. तेवढ्या कौतुकावर माझा दिवस निघायचा.

मग परदेशी मदतीतून आमच्या गल्लीत नळ आला. सगळे हरखले. पण पाणी यायचे ऐन दुपारी, आणि रांगेत ज्याने त्याने आपल्याच घराची भांडी भरायची, असा गल्लीचा नियम. दुपारी आमच्या घरी मी एकटा. दोघी संध्याकाळी लांबच्या टाकीवरून कळशा आणत. शेवटी आई म्हणाली, "माझ्या कमरेत आता जोर नाही गं. पुढच्या महिन्यापासून तू घरी राहा, दुपारचं पाणी भर." त्यानंतर मुलीने मला "दमलास का रे?" असे विचारणेच सोडले. मला धडकीच भरली. ती घरी राहिली तर माझे काम संपणार होते, पण तिची शाळाही संपणार होती.

त्याच सुमारास नळाचा लोकांना किती उपयोग झाला, हे पाहायला माणसे आली. सगळ्यांना विचारणे शक्य नसते, म्हणून त्यांनी चिठ्ठ्या टाकून काही घरे निवडली होती. त्यात आमचे घर निघाले. भर दुपारी एक पाहणीवाला माझ्यासमोर उभा राहिला.

"कुलूप आहे. शेजारचं घर घेऊन टाकू," तो म्हणाला.

शेजारच्या काकू लगेच पुढे आल्या. "विचारा की. पाणी अगदी भरपूर येतं."

माझा जीव टांगणीला लागला.

"नाही," त्याच्या वरिष्ठ बाई म्हणाल्या. "चिठ्ठी या घराची निघाली आहे. संध्याकाळी परत यायचं."

संध्याकाळी बाई आल्या, तर दारावर पुन्हा मीच. दोघी टाकीवर गेल्या होत्या. ओरडून सांगावे म्हटले तर मला तोंड कुठे आहे? बाई वळल्या. जाता जाता त्यांनी काकूंना विचारले, "कुठे गेल्यात या?"

"पाण्याला."

"गल्लीत नळ असताना?"

काकू आपल्या घरात निघून गेल्या. बाई आमच्या पायरीवर बसून राहिल्या.

कळशा खाली ठेवून आईने सगळे सांगितले, शाळेचेही. बाई म्हणाल्या, "घरी सापडतील त्यांनाच विचारलं असतं, तर सगळं छान आहे असंच लिहून गेलो असतो. पाण्याची वेळ बदला, असं मी लिहीन. बदलतीलच, हे मात्र माझ्या हातात नाही."

आईने मुलीकडे पाहिले. "अजून एक महिना थांबते मी," ती म्हणाली.

तो महिना आता संपत आला आहे. पाणी अजून दुपारीच येते. रोज सकाळी किल्ली फिरेपर्यंत माझे चित्त थाऱ्यावर नसते. मित्रांनो, कोणाचे कसे चालले आहे हे विचारायला निघालात आणि दारावर माझ्यासारखे कोणी दिसले, तर शेजारी वळू नका. पुन्हा या.

आज सकाळी मुलीने मला लावले, ओढून पाहिले आणि दप्तर सावरत ती पळाली. आजचा दिवस तरी मी दारावर आहे.