काम राहिलं

मुख्यालयाची ईमेल आली: 'मोठ्या संस्थेत बदल घडवताना मी काय शिकले, यावर दोन पानं लिहा.' चारुशीला कपाळाला हात लावून बसली. लिहायचं काय, डोंबल?

साडेसहा हजार माणसांचं पाणीपुरवठ्याचं महामंडळ. त्याच्या नागपूर विभागातली रजिस्टरं बंद करून सगळं मोबाईलवर आणलं ते हिनंच. रोज संध्याकाळी प्रत्येकानं एक बटण दाबायचं. मुख्यालयानं शब्द दिले होते 'पूर्ण' आणि 'प्रलंबित'. पण ही बया अडून बसली. "आमच्या माणसांना सोपं द्या. 'काम झालं' आणि 'काम राहिलं'." केवढं कौतुक झालं तेव्हा!

आणि खापा गावच्या पंपावरच्या धोंडबानं अकरा महिने रोज 'काम राहिलं' दाबलं. नळाला पाणी येत होतं, म्हणून कुणी पाहिलंही नाही. वर्ष संपत आलं तसं कॉम्प्युटरनं ठरवलं की या कंत्राटी पंपचालकानं एक दिवसही काम केलेलं नाही. झालं, नेमणूक बंद!

धोंडबा बस पकडून नागपूरच्या ऑफिसात आला.

"काहून बंद केलं मॅडम? मी तं रोज काम करून राहिलो. तेच दाबलं ना! पंप चालू हाय अन् 'झालं' कसं दाबू? खोटं नाही होत का ते?"

'राहिलं' म्हणजे 'चालू आहे', हे चारुशीलाला आत्ता उमगलं. अहो, ही नागपूरचीच, धरमपेठेत वाढलेली! पण घरात 'मले-तुले' निघालं की आई डोळे वटारायची. गल्लीतलं 'करून राहिलो' पायरीवर ठेवूनच आत यायचं. बोलणं इतकं शुद्ध झालं, की पोरीला गल्लीच ऐकू येईना. स्वतःचीच तिला भयंकर लाज वाटली.

तिनं मुख्यालयात मुकुंदला फोन लावला. अॅपचं काम त्याच्याकडे होतं.

"नोंदी आता बदलत नाहीत मॅडम. मागाहून कुणी फिरवू नये, म्हणून तुम्हीच कुलूप घालायला लावलंत."

खरंच होतं ते. तिनं तीन वरिष्ठांना पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर नाही.

मग तिनं ती दोन पानं लिहिली. धोंडबाचं नाव, तो शब्द, आपली चूक, सगळं लिहिलं. महामंडळाच्या मासिकात तिच्या फोटोखाली त्यातलं एवढंच छापून आलं: 'स्थानिक बोलीच्या अडचणीवर यशस्वी मात.'

सोमवारी धोंडबा पुन्हा आला. "लागला का काही मेळ?"

"नाही, धोंडबाभाऊ. तो शब्द मीच लिहिला होता. चूक माझी आहे."

त्याला तिचीच कीव आली. "असं नोका बोलू मॅडम. सायेब लोकायनं केलं अन् तुमच्यावर ढकललं. मले समजते."

चहा संपवून तो उठला, दारात थांबला. "नवा माणूस घेतला असन ना पंपावर? त्याले सांगजा, आधी पाइपाचा वॉल बंद ठेवाचा, मंग बटन दाबाचं, मंग वॉल हळूहळू खोलाचा. नाहीतं मोटर जळते."

चारुशीलानं मान हलवली. टेबलावर सकाळी आलेला आदेश पडला होता. अकरा महिने कुणीही काम न करता खाप्यात पाणी नियमित येत आहे, सबब पंपचालकाची जागाच कायमची रद्द. खाली सही करून आदेश पुढे पाठवायचा होता, तिनंच.