कलशातली सटवाई

पंचगंगेच्या काठची सटवाईची देवळी एवढीशी, की दोन माणसं वाकून आत गेली तर तिसऱ्यानं बाहेरूनच हात जोडायचे. पण पोरं राखावीत तर तिनंच! म्हातारे सांगत, पुरात वाहून चाललेलं एक पोर इथं काठाला लागलं, म्हणून त्याच्या आईनं दगड मांडला. त्रेपन्नच्या पुरात देवळी ढासळली आणि गावानं ती पुन्हा बांधायला पिराजी गवंड्याला सांगितलं.

काम होईस्तोवर देवीला ठेवायचं कुठं? गणपतराव गुरवानं मंत्र म्हणून तिला दगडातून कलशातल्या पाण्यात उतरवलं. त्याची सून नुकतीच बाळंत झालेली, घरात सोयर. म्हणून कलश पिराजीच्या देव्हाऱ्यात आला.

"जप बाबा. पाणी सांडलं, की देवी गेली," गुरव म्हणाला.

साक्षात सटवाई आपल्या घरात! पिराजीची छाती वीतभर फुगली.

आठव्या दिवशी त्याची चार वर्षांची हौसा तापानं फणफणली. "कोल्हापूरला थोरल्या दवाखान्यात न्हेऊ," पिराजी म्हणाला. त्याची बायको चिमणाबाई उसळली, "घरात सटवाई असताना दवाखाना? लोक तोंडावर थुंकतील की!" पिराजीला ते पटलं. मेल्याला पटलं! तीन दिवस नुसता अंगारा लावला. चौथ्या दिवशी पोरीचे डोळे फिरले, तेव्हा चिमणाबाईनं कलश उचलला आणि सगळं पाणी घोटाघोटानं तिला पाजलं. देवी पोटात गेली, तरी पोर दिवस मावळायच्या आत गेली.

सुतकाच्या घरातून कलश हलवायला गुरव येणार, म्हणून पिराजीनं घाईघाईनं नदीचं पाणी त्यात भरलं. गावाला काय सांगणार, तुमची देवी आमच्या पोरीबरोबर पुरली?

देवळी झाली. गुरवानं कलश दगडावर ओतला. "देवी आली!" सगळे ओरडले. गावातल्या बाळाबाईनं तापानं कण्हणारं आपलं पोर दगडापुढं ठेवलं.

चिमणाबाई झेपावली. "उचल त्येला! हितं कोण न्हाय! माज्या हौसानं देवी पिली, तरी मेली. दवाखान्यात न्हे ग बाई!"

सगळे पिराजीकडं बघायला लागले. त्यानं नुसतं 'व्हय' म्हटलं असतं तरी पुरे होतं.

"पोर गेल्यापास्नं डोकं फिरलंय तिचं," तो म्हणाला आणि बायकोला दंडाला धरून ओढत घराकडं निघाला.

मागं बाळाबाईनं पोराचं कपाळ दगडाला टेकवलं.