यंदा कडक चालणार

बोईसरच्या नाक्यावरून चिंचणीकडे रस्ता वळतो, त्या वळणावर मंजुळाचं ताडीचं दुकान होतं. तिथल्या बाकड्यावर बसून ती पुढच्या हंगामात माणसं काय पिणार ते आधीच सांगायची. घुटमळत नाही हो, छातीठोकपणे. आणि तिचं खरं व्हायचं, हीच तर पंचाईत होती. चुकली असती तर लोकांनी हसून सोडून दिलं असतं.

कापडगिरणीत रात्रपाळी सुरू झाली तेव्हा ती म्हणाली, "आता गोड ताडी न्या. रातभर उभं राहून आलेल्याला चढनारं नको, पोटाला थंड पायजे." तसंच झालं. सळयांची मिल सुरू झाली तेव्हा म्हणाली, "शिंदीची पातळ आना आनि पुष्कळ आना. भट्टीफुडचा मानूस ग्लासानं पीत नाय, तांब्यानं पितो." तेही झालं. दुसरे ताडीवाले आभाळाकडे बघून धंदा करायचे, ही कारखान्यांच्या चिमण्यांकडे बघून करायची. कुठली चिमणी नवी, तिच्याखाली कुठला माणूस, त्याच्या घशाला काय लागेल, हे तिचं गणित. शाळा तिसरीत सोडलेली, पण या गणितात तिचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि हे ती स्वतःच सगळ्यांना सांगायची.

अठ्ठ्याऐंशीच्या दिवाळीत तिचा धाकटा दीर कमलाकांत पालघरहून एक फ्रीज घेऊन आला. अंगात चकचकीत शर्ट, पायांत पांढरे बूट.

"वैनी, ताडीचे दिवस भरले," तो म्हणाला. "जग कुठं चाललंय बघा. आता थंडगार बाटली उघडायची, फेस आला पायजे. फुडली धा वर्सं बियरची. मी लिवून देतो."

"लिवून कोन मागतो? आनि फेस माझ्या मडक्याला येत नाय काय?"

दुकान आणि चिंचणीची ताडांची वाडी सासऱ्यांनी मागे ठेवलेली, दोघा भावांच्या सामाईकीची. तेव्हा भांडून उपयोग नव्हता. शेवटी ठरलं ते असं : दुकानाचे दोन भाग करायचे. एका बाजूला कमलाकांतची बियर, दुसऱ्या बाजूला मंजुळाची ताडी. होळीपर्यंत बघायचं, गिऱ्हाईक कुठं बसतं. बियर जिंकली तर अख्खं दुकान बियरचं आणि ताडांची वाडी दुसऱ्याला कसायला द्यायची. ताडी जिंकली तर फ्रीज परत पालघरला, आणि मंजुळाचा नवरा रामू रंगाच्या कारखान्यातली नोकरी सोडून पुन्हा ताडावर चढणार.

खरं सांगायचं तर मंजुळाला दुकानाचं एवढं काही नव्हतं. तिला रामू परत हवा होता. भंडाऱ्याच्या, म्हणजे पिढीजात ताडी काढणाऱ्याच्या घरातला माणूस, चिंचणीच्या वाडीत त्याच्याइतका हलका पाय कुणाचा नव्हता आणि त्याच्यासारखी जीभ तर नव्हतीच नव्हती. डोळे मिटून घोटभर घ्यायचा आणि सांगायचा, ही विहिरीजवळच्या ताडाची, ही वाळूतल्या. तिचं लग्न ठरलं तेव्हा मध्यस्थाने मुलाचा गुण म्हणून हाच सांगितला होता. पण दोन वर्षांमागे कमलाकांतनेच डोक्यात भरवलं, की झाडावर चढण्याला आता भविष्य नाही, कारखान्यात गेलं तर पर्मनंट होता येतं. रामू गेला. तेव्हापासून मासवणचा भिका वाडीतल्या ताडांवर चढत होता. भिका माणूस चांगला, पण नवरा तो नवरा.

पैज लागली त्या संध्याकाळी रामू कामावरून येऊन बाकड्याच्या टोकाला बसला होता. कमलाकांतने विचारलं, "बोला वैनी, यंदा काय चालनार? तुमचा अंदाज काय?"

"कडक," मंजुळा म्हणाली. "आंबट, घसा धरनारी. मी यंदा निम्मी मडकी धुनारच नाय. तळाचा गाळ तसाच ठेवायचा, त्यावर ताडी पडली की सकाळपर्यंत उकळून उठते."

"आनि ती पिनार कोन?"

"रंगाच्या कारखान्यातली मानसं. तीन नवीन कारखाने झालेत मागच्या अंगाला. त्या वाफांनी त्यांच्या जिभा मेल्यात, भावजी! साधं काय लागतच नाय त्यांना. परवा एकजन मिरची चण्यासारखी खात होता. तुमची बियर त्यांना पानी लागंल, पानी!" आणि ती खळखळून हसली.

रामू उठला, पाय धुवायला म्हणून मागे गेला. मंजुळाने त्याच्याकडे पाहिलंही नाही. तिचा रामू काय त्या वाफांत, रंगाच्या भट्टीवर होता थोडाच! तो गोदामात गोणी भरायला होता. त्यानेच तसं सांगितलेलं.

आणि काय सांगू, हंगाम तिने सांगितला तस्साच उतरला. पहिले काही दिवस फ्रीजभोवती गर्दी झाली, नव्या नवरीला बघायला होते तशी. थंड बाटली गालाला लावून बघायची, फेस बघायचा, हसायचं. मग कारखान्याची माणसं एक घोट घेऊन तोंड वाकडं करायला लागली. "फीका है," म्हणायची आणि बाटली अर्धी टाकून पलीकडे यायची. "भाभी, तेज वाली देना." भाभी तेजवाली द्यायची, सोबत भाजलेला सुका बोंबील द्यायची, आणि कमलाकांतला ऐकू जाईल अशा आवाजात विचारायची, "और तेज चाहिए क्या?" आणखी तेज हवी असायचीच. पुढेपुढे तर आदल्या दिवशीची शिळी ताडी, जी एरवी ती गटारात ओतायची, तीही माणसं मागून प्यायला लागली. मंजुळाच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

घरी मात्र त्या हिवाळ्यात खटके उडत होते. रामूला तिचं जेवण पसंत पडेना. बोंबलाच्या कालवणावर वरून मीठ घ्यायचा, मग आणखी मिरची मागायचा.

"आवो, जळंल तोंड," ती म्हणायची.

"तुझ्या हाताची चवच गेली," तो ताटाकडे बघत म्हणायचा.

हे तिला फार लागायचं. पंधरा माणसांना जेवू घालून शाबासकी घेतलेली बाई ती. कारखान्याने माणसाचा स्वभाव बिघडवला, असं तिने मनाशी ठरवून टाकलं, आणि होळीची जास्तच घाई तिला झाली. एकदा झाडावर गेला की निवळेल, वारा लागला की बरं वाटेल.

होळीच्या आदल्या दिवशी कमलाकांतने स्वतःहून हात जोडले. रागावला नव्हता, तसा मोकळ्या मनाचा. "वैनी, तुमाला मुंबईत कंपनीनं नेऊन बसवायला पायजे," म्हणाला. फ्रीज टेम्पोत चढला. मंजुळाने त्याला ताडीचा ग्लास भरून दिला, आणि त्याने तो नाक धरून रिकामा केला.

धुळवडीच्या सकाळी रामू वाडीत आला. कमरेला कोयता, पायांत दोरीचा फास. दोन वर्षांनी चढणार होता, तरी पाय विसरले नव्हते. भिका खाली मडकी घ्यायला उभा होता आणि मंजुळा दोन हंडे घेऊन. एक गोडीचा, एक कडकचा. भंडाऱ्यांची रीत अशी, की वर चढलेल्याने मडकं सोडवायचं, झाडावरच घोटभर चाखायचं आणि वरून हाळी द्यायची, गोड की कडक. खालच्याने त्याप्रमाणे हंडा पुढे करायचा. खाली पुन्हा चाखायचं नाही. तो वरच्याचा अपमान.

रामू पहिल्या ताडाच्या शेंड्याला पोचला. मंजुळा मान वर करून बघत होती आणि तिला रडू येईल की काय असं झालं होतं, आनंदाने हो.

"गोड!" वरून हाळी आली.

मडकं दोरीने खाली आलं. तिने ते गोडीच्या हंड्यात ओतलं.

दुसरा ताड. "गोड!"

हे मडकं ओततानाच तिच्या नाकात सणकन वास गेला. भिकाने तिच्याकडे पाहिलं आणि लगेच नजर फिरवली. "बाय," तो हळूच म्हणाला, "हे मडका मीच बांधलेला. गाळाचा हाय."

मंजुळाने बोट बुडवून चाखलं. कानशिलं झणझणली.

"आवो," ती वर ओरडली, "नीट चाखलंत काय?"

 झावळ्या वाजत होत्या. मग आवाज आला, "गोड हाय म्हनतो ना!" पण तो आवाज रामूचा नेहमीचा नव्हता. पकडल्या गेलेल्या माणसाचा होता.

तो खाली उतरला. दोरीचा फास सोडवत बसला, सुटलेला असूनही सोडवत बसला.

"काय पन लागत नाय, मंजुळे," तो म्हणाला. "ना गोड, ना कडक. वास पन नाय. मला भट्टीवर घातलं वर्सामागं. पगार जास्त देत होते. तुला काय सांगू? तू तर त्या मानसांना हसत होतीस."

मंजुळा हंड्याच्या कडेला बसली. दिवाळीपासूनचा एकेक ग्लास तिच्या डोळ्यांपुढून गेला. मेलेल्या जिभांवर तिने पैज मारली होती, नाक्यावर बसून हसत हसत जिंकली होती, आणि त्यातली एक जीभ रोज तिच्याच पुढ्यात बसून मीठ मागत होती. साऱ्या बोईसरच्या तोंडाची चव ओळखणाऱ्या बाईला आपल्या नवऱ्याची ओळखता आली नव्हती. तिला स्वतःच्या थोबाडीत दोन माराव्याशा वाटल्या. भिका समोर नसता तर तिने मारल्याही असत्या.

"मी जातो परत कारखान्यात," रामू म्हणाला. "जीभ नसलेला भंडारी काय कामाचा?"

हे ऐकलं आणि ती ताडकन उठली.

"खबरदार! जित्या मानसाची जीभ हाय ती, वारं लागंल, मोकळी होईल. पावसाच्या आत तुमाला चव लागनार."

"तुला काय ठाव?"

"माझा अंदाज कदी चुकलाय?" ती कमरेवर हात ठेवून म्हणाली. आजवरचा तिचा प्रत्येक अंदाज कशावर तरी बेतलेला होता. हा कशावरही नव्हता, आणि तोच तिने सगळ्यांत मोठ्या आवाजात सांगितला.

रामूने तिच्याकडे बघितलं. "आनि नाय लागली तर?"

"तर तुमी चढा, चाखीन मी. रीत गेली खड्ड्यात."

त्याने हातातली दोरी झटकली. मग तिसऱ्या ताडाला फास घातला आणि चढला. या वेळी वरून हाळी आली नाही. मडकं तेवढं गुपचूप खाली आलं. मंजुळाने दोन्ही हातांनी धरलं, घोटभर घेतलं, डोळे मिटले. मग साऱ्या वाडीला ऐकू जाईल अशी मान वर करून ओरडली, "कडक हाय वो! चढा फुडच्यावर!"