खाली येतेय

बंदराच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी ताईच्या दंडावरचा रक्तदाबाचा पट्टा सोडला, आकडा पाहिला आणि पट्टा पुन्हा आवळला. दुसऱ्यांदा आकडा आणखी वर गेला.

"येताना काय प्यायलात?"

"नेहमीचंच." ताईने पिशवीतून नारिंगी सरबताची मोठी बाटली काढून टेबलावर ठेवली. अर्धी रिकामी. लपवण्यासारखं त्यात काही आहे असं तिला वाटत नव्हतं. ती बंदरात क्रेन चालवायची, आणि तिच्याहून वयाने मोठी माणसंही तिला ताईच म्हणायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी काहीही न पिता यायला सांगितलं होतं, त्याप्रमाणे ती आली. आकडा बराच खाली होता. हा योगायोग आहे, असं ताईचं म्हणणं पडलं. मग तिने डॉक्टरबाईंसमोरच बाटली तोंडाला लावली आणि हाताची घडी घालून बसून राहिली. पाऊण तासाने पुन्हा मोजलं. दाब चढला होता, नाडी पळत होती.

डॉक्टरबाईंनी टोमणा मारला नाही. एवढी साखर एकदम रक्तात उतरली की हृदयाला जादा राबावं लागतं, आणि चढत्या दाबाला आवरणारा शरीरातलाच लगाम सैल पडतो, हे त्यांनी सावकाश सांगितलं. रोज तेच घडत राहिलं तर दाब खाली यायचंच विसरतो.

क्रेनच्या केबिनमध्ये छातीत होणारी धडधड ती इतकी वर्षं यंत्राचीच समजत आली होती. यंत्र बंद केल्यावरही ती थांबत नाही, हे तिला आत्ता जाणवलं.

"मग वर बसून पिऊ काय?"

"पाणी."

ताई हसली. मग तिने समजावून सांगितलं. केबिन दहा मजले उंच. बाथरूम फाटकापाशी, यार्डाच्या पार टोकाला. पूर्वी मध्ये जागा घ्यायला बदलीचा माणूस असायचा, तो कंपनीने काढून टाकला. पाणी प्यायलं की उतरावं लागतं. सरबताच्या चार घोटांवर दुपार निघते, डोळे उघडे राहतात, आणि उतरायची पाळी येत नाही.

डॉक्टरबाईंनी पट्ट्याची गुंडाळी केली.

"हे असंच राहिलं तर मला तुम्हाला वर चढू देता येणार नाही."

नवऱ्याने ऐकलं आणि तो तर जवळजवळ खूशच झाला. फाटकावर बसून गाड्यांच्या नोंदी घ्यायचं काम मिळेल, पाय जमिनीवर राहतील, असं तो जेवताना दोनदा बोलला. ताईने तिसऱ्यांदा बोलू दिलं नाही. बाईमाणसाला क्रेन झेपायची नाही, असं म्हणणाऱ्या सगळ्यांच्या नाकावर टिच्चून ती वर चढली होती. खाली यायचं तर स्वतःच्या मर्जीने.

मुकादमाकडे तिने बदलीचा माणूस मागितला. तो ओशाळं हसला. आधी हे जहाज निघू दे, मग बघू, म्हणाला.

"इतके दिवस जमलंच ना, ताई?"

"नव्हतं जमत. मी पाणी पीत नव्हते."

पुढच्या पाळीला तिने बाटली घरी ठेवली आणि पाण्याचा कॅन वर नेला. डोकं ठणकत होतं, जीभ गोडासाठी वळवळत होती. प्रत्येक तलफेला ती शिवी हासडायची आणि पाणी प्यायची. हात मात्र लिव्हरवर स्थिर होता.

उन्हं तापली तसं तिने क्रेनला लटकलेला कंटेनर नीट जमिनीवर टेकवला, ब्रेक लावला आणि वॉकीटॉकी तोंडाशी धरली.

"खाली येतेय."

"ताई, जहाज उभंय!" मुकादमाचा आवाज खरखरला.

"राहू दे उभं."

शिडी संपली तिथे तो उभाच होता. घरी बसवीन, म्हणाला. साहेबांना काय सांगू, म्हणाला. ताईने क्रेनची किल्ली त्याच्यापुढे धरली.

"तुम्ही चालवा तोवर."

त्याने किल्लीकडे पाहिलं, हात पुढे केला नाही. ती त्याला वळसा घालून निघाली. यार्डातून भरभर चालायची सवय तिला होती, पण आज मुद्दाम सावकाश चालली. ट्रकवाले खिडकीतून मान काढून बघत होते. बघू देत.

बाथरूमहून परत निघाली तेव्हा यार्डातला आवाज तिला कमी वाटला. तिची क्रेन बंद होती, ते ठीक. शेजारचीही थांबली होती. ती चालवणाऱ्याला सगळे पैलवान म्हणत, कारण तो काडीसारखा होता. तिच्यापेक्षाही जुना माणूस. वर त्याचीही बाटली असायची, काळ्या पेयाची, आणि रिकामी झाली की तीच दुसऱ्या कामाला यायची. त्यावर तो स्वतःच विनोद करायचा. बदलीचा माणूस होता तेव्हाही तो पाळीत कधी मधेच उतरला नव्हता.

आता तो शिडीवरून पाठमोरा, एकेक पायरी चाचपत उतरत होता. मुकादम खालून हातवारे करत होता, त्याच्याकडे पैलवानाचं लक्ष नव्हतं. जमिनीवर पाय टेकल्यावर त्याने गुडघे चोळले, इकडे तिकडे पाहिलं आणि ताईच्या दिशेने आला.

जवळ येऊन त्याने आवाज हळू केला.

"बाथरूम कुठल्या अंगाला आहे गं?"